‘स्मृतिचित्रे’तील दांपत्यविनोद : थट्टेचे स्वरूप व कार्य

विनोदाला विषय लागतो, थट्टेला नाते लागते. परक्याची थट्टा केली तर तो उपहास ठरतो. आपल्या माणसाची केली तर तीच जिव्हाळ्याची खूण होते. नाट्यशास्त्राने कैशिकी वृत्तीच्या चार अंगांत ‘नर्मा’ला पहिले स्थान दिले आहे. परंतु तेथील नर्म हे मुख्यत्वे शृंगाराला पोषक असे परिहासवचन होय. दीर्घ सहजीवनातील थट्टेची जात निराळी. तिच्यामागे सवयींची, रुसव्यांची आणि जुन्या भांडणांची सामायिक स्मृती उभी असते. मराठी आत्मचरित्रात या थट्टेचे सर्वांत समृद्ध रूप लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३६) आढळते.

या संदर्भात रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कलकत्त्याच्या मुक्कामात न्हाव्याकडून बंगाली शब्दांचे अर्थ विचारून घेणाऱ्या न्यायमूर्तींची रमाबाईंनी केलेली थट्टा प्रसिद्धच आहे. तथापि तेथे पत्नीचा परिहास आदराच्या मर्यादेतच वावरतो. पती हा गुरू, आणि गुरूची थट्टा क्वचितच व्हावयाची.

लक्ष्मीबाईंच्या संसारातही आरंभी अंतर होतेच. १८८० साली नारायण वामन टिळकांशी विवाह झाला तेव्हा त्या अकराबारा वर्षांच्या होत्या. लिहिणे-वाचणे त्या पतीकडूनच शिकल्या. परंतु त्यांच्या निवेदनात शिष्येचा संकोच दिसत नाही. पतीचा उल्लेख त्या ‘टिळक’ असा आडनावाने आणि आदरार्थी बहुवचनात करतात, आणि त्याच बहुवचनात त्यांचा तापटपणा, क्षणात निवळणारा राग, हातचे देऊन टाकणारी उदार वृत्ती, न सांगता घराबाहेर पडण्याची सवय, व्यवहारातील बेफिकिरी हे सारे सांगतात. क्रियापद आदराने वाकलेले आणि प्रसंग हास्यास्पद, या विसंगतीतून त्यांचा विनोद निर्माण होतो. त्यासाठी त्यांना अतिशयोक्ती करावी लागत नाही. घडले ते गंभीर चेहऱ्याने सांगितले की पुरे. शिवाय स्वतःचा भाबडेपणा, भीती व फजितीही त्या तितक्याच मोकळेपणाने मांडतात. दोघेही एकाच तागडीत तोलले जात असल्यामुळे थट्टेला बोचरेपणा येत नाही.

या थट्टेचे कार्य केवळ मनोरंजनाचे नाही. ज्या काळात पत्नीने पतीला उघड दोष देणे मर्यादाभंग मानले जाई, त्या काळात गाऱ्हाणे मांडण्याची ही एक संमत वाट होती. घरात पैसा टिकत नाही, ही तक्रार सरळ केली तर भांडण. हसून सांगितली तर तक्रारही पोहोचते आणि नातेही शाबूत राहते.

मात्र या वाटेला मर्यादा आहेत, याचा प्रत्यय त्याच ग्रंथात येतो. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि दांपत्याची ताटातूट झाली. त्या प्रकरणांत हसणे मागे सरते आणि शोक उघड बोलू लागतो. थट्टेसाठी समोरचा माणूस आपला आहे ही खात्री आधी लागते. तीच डळमळली होती. पुढे त्या पतीकडे परतल्या, काही काळ आपले सोवळे व स्वयंपाक वेगळा ठेवून राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतः विचारान्ती ख्रिस्ती झाल्या. त्यानंतरच्या संसारचित्रणात परतलेली थट्टा पूर्वीपेक्षा अधिक समतेची वाटते, याचे कारण हेच असावे. तुटू शकणारे नाते तुटले नाही, हा अनुभव आता दोघांच्याही गाठीशी होता.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हा ग्रंथ सिद्ध झाला तेव्हा टिळकांच्या निधनाला (१९१९) दीड दशक उलटले होते. उत्तर देणारा उरला नसताना केलेली थट्टा सहज अन्याय्य ठरू शकते. लक्ष्मीबाई हा अन्याय टाळतात. टिळकांचे प्रत्युत्तर त्या त्यांच्या पदरात टाकतात आणि जेथे स्वतः हरल्या तेथे त्यांना जिंकू देतात. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे काम ज्या लेखणीने केले, तिनेच हा अर्धवट राहिलेला संवादही चालू ठेवला. म्हणून ‘स्मृतिचित्रे’तील थट्टा हा शैलीचा अलंकार न मानता, वैधव्यातही टिकून राहिलेल्या सहजीवनाचा पुरावा मानणे अधिक युक्त होईल.