विश्वरूप आणि रेकॉर्डचे वेष्टन

'सायकेडेलिया' म्हटले की आज वितळत जाणारे भडक रंग डोळ्यांसमोर येत असले, तरी ज्या 'सायकेडेलिक' या विशेषणावरून तो शब्द आला, ते मूळचे मानसोपचारातले आहे. एलएसडीसारख्या, भास निर्माण करणाऱ्या द्रव्यांचा अभ्यास करणारे डॉ. हंफ्री ऑस्मंड यांनी 'सायकी' म्हणजे मन आणि 'डेलॉस' म्हणजे प्रकट या दोन ग्रीक शब्दांवरून ते १९५६ मध्ये घडवले. दहाच वर्षांत ते दवाखान्यातून गाण्यांत आणि भित्तिपत्रकांत उतरले. बीटल्सच्या १९६६ मधील 'टुमॉरो नेव्हर नोज' या गाण्यात तंबोऱ्याच्या अखंड स्वरावर ध्वनिफितींचे तुकडे फिरत राहतात, तर सॅन फ्रान्सिस्कोचे चित्रकार व्हिक्टर मॉस्कोसो यांनी लाल आणि हिरवा असे विरोधी रंग सारख्याच तीव्रतेने शेजारी बसवले, त्यामुळे अक्षरांच्या कडा थरथरताना दिसतात.

मराठी वाचकाला यातले सर्वांत ओळखीचे चित्र मात्र जिमी हेन्ड्रिक्स यांच्या १९६७ मधील 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह' या रेकॉर्डच्या वेष्टनावर सापडते. बाजारात मिळणाऱ्या विश्वरूपाच्या छापील तसबिरीवरच ते बेतलेले असून, अनेक शिरे आणि हात यांच्या मधोमध हेन्ड्रिक्स आणि त्यांच्या दोन साथीदारांचे चेहरे बसवलेले आहेत. अशा तसबिरी घरोघरी पोहोचवण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, कारण १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला राजा रविवर्मा यांचा छापखाना शिळाछपाईने, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून, देवदेवतांची चित्रे छापत असे. गेवराईच्या बाजारपेठेतील किराणा दुकानात उदबत्तीच्या धुराने काळवंडलेली तसबीर त्याच परंपरेतली असते.

पुढे गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर हिप्पींच्या मेळाव्यांतून १९९० च्या दशकात 'गोवा ट्रान्स' हे वेगवान यंत्रसंगीत आकाराला आले, आणि त्याच्या पडद्यांवरही शिव, गणपती, ॐ झळकले.

या उसनवारीत चित्र गेले, पण त्याचा अर्थ मागे राहिला. गेवराई तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या पलीकडच्या काठावर, पैठण तालुक्यात, ज्ञानेश्वरांचे आपेगाव आहे. त्यांच्या ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप हे अर्जुनाला विस्मयाइतकेच भयाने ग्रासणारे दर्शन आहे आणि ते घडल्यावर तो कृष्णाकडे आणखी काही न मागता त्याचे नेहमीचे, ओळखीचे चतुर्भुज रूपच परत मागतो.