कुंभारणीच्या घरातले चोर

कुंभारीण माशी वाशाला चिखलाचं घर करते. कोळ्यांना डंख मारून लुळं करते आणि पिल्लांसाठी आत कोंबते. पण तिथे दोन चोर येतात.

एक निळी-हिरवी, लई चकचकीत. गुरुजींनी नाव लिहून दिलं, स्टिल्बम. ती भिंतीला भोक पाडून अंडं घालते. तिची अळी कुंभारणीची अळी खाते. दुसरी राखाडी, अमोबिया. ती जिवंत अळ्याच सोडते. त्या कोळी फस्त करतात.

यांची जात पंखांवरून ठरते, रंगावरून नाही. हिरवीला कुंभारणीसारखे चार पंख. मागचे पुढच्यांना अडकलेले असतात, म्हणून मेलेली सापडली तर काडीने उलगडून मोजा. म्हणजे ती कुंभारणीच्याच गणातली, मधमाशी नि मुंगीही त्यातच. भाऊबंदच चोर! राखाडीला दोनच पंख. तिचा गण घरमाशीचा, डासाचा.