घरची उपचारपेटी आणि तिची चिकटवही

प्रथम माझ्याच घरीं घडलेली एक गोष्ट सांगतों. संध्याकाळची वेळ होती. ओट्यावरचें दुधाचें पातेलें कलंडलें आणि सात वर्षांच्या मुलीच्या हातावर कढत दूध सांडलें. घरांत एकच धांवपळ उडाली. आई हळद आणावयास निघाली, सौभाग्यवतींनीं टूथपेस्ट शोधली, शेजारच्या काकू बर्फ घेऊन आल्या. मला आठवण झाली ती प्रथमोपचाराच्या पेटीची. ती आम्हीं मोठ्या हौसेनें घेतली होती. पण ती होती कपाटाच्या माथ्यावर, पाहुण्यांच्या गाद्यांखालीं, आणि तिला कुलूप होतें. किल्ली सांपडून पेटी उघडली तेव्हां मलमाची मुदत संपून दोन वर्षें झालेलीं! ज्या उपचाराची त्या क्षणीं खरी गरज होती, तो मात्र चार पावलांवर, मोरीच्या नळांत वाहत होता. तो आम्हां पांच शहाण्या माणसांपैकीं एकासही सुचला नाहीं.

मुलगी बरी झाली. मनगटावर व्रण राहिला. त्या व्रणानें मला जें शिकविलें तेंच आज सांगावयाचें आहे. घरांत उपचाराचें साहित्य असून भागत नाहीं. तें कोठें आहे आणि त्याचें काय करावयाचें, हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें लागतें. म्हणून पेटीबरोबर एक वही हवी, आणि ती घरच्या माणसांनीं आपल्या हातांनीं तयार केलेली हवी.

ही कल्पना कांहीं माझी नव्हे. फ्रीड्रिख फॉन एस्मार्ख नांवाचे एक विख्यात जर्मन शस्त्रवैद्य एकोणिसाव्या शतकांत होऊन गेले. सामान्य नागरिकांस प्रथमोपचार शिकविण्यासाठीं त्यांनीं १८८२ सालीं कील येथें वर्ग सुरू केले. सैनिकांसाठीं त्यांनीं जो त्रिकोणी पट्टा प्रचारांत आणला, त्या पट्ट्याच्या कापडावरच तो कसा बांधावा याचीं चित्रें छापलेलीं असत. साहित्य आणि शिकवण एकाच ठिकाणीं! आपली पेटी आणि वही ही त्याच युक्तीची घरगुती आवृत्ति समजावी.

प्रथम पेटीचा विचार करूं. घट्ट झांकणाचा, उचलावयास हलका असा कोणताही डबा चालेल. त्यास कुलूप नसावें. परंतु लहान मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा उंचीवर तो असावा. न्हाणीघरांत दमटपणानें आणि शेगडीजवळ उष्णतेनें औषधें बिघडतात, म्हणून त्या दोन जागा वर्ज्य कराव्या. एकदां ठरलेली जागा पुन्हां बदलूं नये.

आंत काय ठेवावें? निर्जंतुक गॉजच्या बंद पुड्या, दोन रुंदींच्या गुंडाळपट्ट्या, लहान जखमांसाठीं तयार चिकटपट्ट्या, चिकटफितीचें एक रीळ, बोथट टोंकाची कात्री, कांटा काढावयाचा चिमटा, सेफ्टी पिना, रबरी हातमोजे, थर्मामीटर आणि लहान विजेरी. थर्मामीटर पाऱ्याचा नसावा. तो फुटला म्हणजे पाऱ्याचा उपद्रव होतो. त्रिकोणी पट्टा विकत आणण्याचें कारण नाहीं. सुमारें एक मीटर लांबीरुंदीचें स्वच्छ सुती कापड घेऊन तें कर्णावर कापलें कीं दोन पट्टे होतात, आणि दुखावलेला हात गळ्यांत अडकविण्यास त्यांसारखें दुसरें साधन नाहीं.

औषधें थोडींच ठेवावींत. जखमेसाठीं पॉविडोन आयोडीन, तापासाठीं पॅरासिटामॉल आणि जुलाबासाठीं क्षार-साखरेच्या पुड्या, म्हणजेच ओआरएस, एवढ्यावर बहुतेक घरांचें भागतें. मुलांस पॅरासिटामॉल किती द्यावें हें वजनावर अवलंबून असतें. म्हणून तें डॉक्टरांस आधींच विचारून वहींत लिहून ठेवावें. ॲस्पिरिन मात्र मुलांस आपल्या मनानें कधींही देऊं नये.

ओआरएसची पुडी दिसावयास क्षुल्लक. पण तिचा महिमा मोठा आहे. १९७१ सालीं बंगालमधील बनगाव येथें निर्वासितांच्या छावणींत कॉलऱ्याची सांथ उसळली आणि शिरेंतून द्यावयाचें सलाईन अपुरें पडूं लागलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचें पाणी रोग्यांस तोंडानें पाजण्याचा धाडसी निर्णय घेतला. तें पाजण्याचें काम रोग्यांच्या नातलगांनीं केलें, आणि मृत्यूंचें प्रमाण पुष्कळच घटलें. घरच्या साध्या माणसाच्या हातून केवढें काम होऊं शकतें, याचा हा पुरावा आहे. मात्र एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यांतच मिसळावी. अर्धी पुडी आज व अर्धी उद्यां असें केलें कीं प्रमाण चुकतें. केलेलें पाणी चोवीस तासांनंतर फेंकून द्यावें.

आतां वहीकडे वळूं. कात्रणें व चित्रें डकवून केलेल्या अशा वहीस आपण चिकटवही म्हणतों. हा छंद जुना आहे. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकानें तर आधींच डिंक लावलेल्या पानांची चिकटवही काढून १८७३ सालीं तिचें पेटंट मिळविलें होतें. आपणांस तेवढा खटाटोप नको. जाड कागदाची, पक्क्या बांधणीची वही घ्यावी. डकविलेल्या कागदांनीं वही फुगून शिवण उसवते. म्हणून प्रत्येक दोन पानांनंतरचें एक पान बोटभर कड राखून कापून टाकावें. डिंक सबंध पाठीवर न फांसतां फक्त कडांना पातळ लावावा; नाहींतर कागद सुरकुततो. पान वाळेपर्यंत मध्यें मेणकागद घालून वहीवर वजन ठेवावें.

आणखी एक सूचना. हृदयाच्या आलेखाचा, म्हणजे ईसीजीचा, कागद पुष्कळदां उष्णतेनें उमटणाऱ्या छपाईचा असतो. कांहीं काळानें त्यावरील रेषा पुसट होतात. असे कागद मूळचे न डकवितां त्यांची झेरॉक्स प्रत डकवावी.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत दूरध्वनीचे क्रमांक असावेत: सर्व संकटांसाठीं ११२, महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेसाठीं १०८, घरचे डॉक्टर, आणि रात्रीं उघडें असणारें जवळचें रुग्णालय. खालीं आपला पूर्ण पत्ता व जवळची ठळक खूण लिहावी. घाबरलेल्या माणसास स्वतःचा पत्ताही नीट सांगतां येत नाहीं. पुढें घरांतील प्रत्येकास एकेक पान द्यावें. त्यावर छायाचित्र, जन्मतारीख, रक्तगट, रोजचीं औषधें, न सोसणारीं औषधें आणि धनुर्वाताची लस शेवटची केव्हां टोंचली तें असावें. त्यानंतर एका अपघातास एक पान: वर चित्र, डावीकडे ‘करावें’, उजवीकडे ‘करूं नये’.

भाजण्याचें पान आमच्या मुलीनें स्वतः तयार केलें. तिनें नळाचें चित्र डकविलें आणि डावीकडे लिहिलें: भाजलेला भाग वीस मिनिटें वाहत्या गार पाण्याखालीं धरावा, सूज येण्यापूर्वीं बांगड्या व अंगठ्या काढाव्या, मग स्वच्छ कापडानें सैल झांकावें. उजवीकडे लिहिलें: हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ लावूं नये, फोड फोडूं नयेत, कातडीस चिकटलेलें कापड ओढूं नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानें जखम घट्ट दाबून धरावी. घोळणा फुटला तर मान मागें न टाकतां पुढें झुकवावी आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटें चिमटींत धरावा.

पेटीची मर्यादाही वहींत स्पष्ट लिहिलेली असावी. छातींत कळ येणें, शुद्ध हरपणें, श्वास कोंडणें, मोठें भाजणें, यांवर पेटींत उपाय नाहीं. तत्काळ दूरध्वनि करावा. सर्पदंशाच्या जागीं आवळून दोरी बांधूं नये, चीर देऊं नये; रोग्यास स्वस्थ ठेवून, दंश झालेला अवयव न हलवितां, रुग्णालय गांठावें. मुलानें रॉकेल किंवा फिनेल प्यालें तर त्यास ओकावयास लावूं नये. बाटली मात्र बरोबर न्यावी.

शेवटच्या पानावर पेटींतील प्रत्येक औषधाची मुदत लिहावी आणि वर्षांतून दोनदां ती पडताळावी. गुढीपाडवा आणि खंडेनवमी हे त्यासाठीं उत्तम दिवस होत. त्यांमध्यें साधारण सहा महिन्यांचें अंतर असतें, आणि खंडेनवमीस तर आपण घरांतील हत्यारांची पूजा करतोंच. त्यांत या पेटीचीही भर घालावी. सर्वांनीं मिळून ती उघडावी, जुनें काढावें, नवें भरावें आणि मुलांकडून वहीचीं पानें मोठ्यानें वाचून घ्यावींत.

आमची पेटी आज स्वयंपाकघराच्या दाराबाहेर फळीवर आहे, आणि वही तिच्याच झांकणावर असते. पाहुणा आला कीं मुलगी त्यास आधीं ती जागा दाखविते. आपल्या घरीं ही तयारी व्रणाची वाट न पाहतां व्हावी, एवढीच इच्छा आहे. येत्या रविवारीं एक डबा, एक वही आणि डिंकाची बाटली घेऊन सर्वांनीं एकत्र बसावें. दुपार पुरेल.