कपड्यांचा सुगंध पाण्यात किती दिवस राहतो?

धुतलेल्या कपड्यांना छान वास आला की धुणं नीट झालं, असं आपण मानतो. पण तो सुगंध सगळाच कपड्यात राहत नाही. त्यातला काही मशीनच्या पाण्याबरोबर गटारात जातो. तुम्ही बेंगळुरूत राहत असाल, तर ते गटार पुढे कुठे जाऊ शकतं हे वेगळं सांगायला नको. बेलंदूर तलावाचा पांढरा फेस रस्त्यावर उडताना सगळ्या देशाने पाहिला. २०१५ मध्ये तर त्या फेसाने पेटही घेतला. फेसाचा दोष मुख्यतः डिटर्जंटचा, सुगंधाचा नव्हे. पण दोघांची वाट एकच.

मग एखादं सुगंधी रसायन पाण्यात नष्ट होतं की साचून राहतं, हे कळतं कसं? त्यासाठी 'ओईसीडी ३०१' या चाचण्या जगभर मानल्या जातात. बाटलीत क्षार घातलेलं पाणी घेतात. त्यात सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातल्या गाळाचे जिवाणू सोडतात आणि त्यांना खायला देतात फक्त ते रसायन. बाटली २८ दिवस अंधारात ठेवायची. जिवाणू जेवले, तर ऑक्सिजन खर्च होतो, तो मोजायचा. पूर्ण विघटनाला जेवढा लागेल, त्याच्या ६० टक्के खर्च झाला की रसायन पास. १०० टक्के का नाही? आपण खाल्लेल्या पोळीतलं थोडं अंगी लागतं ना, तसंच जिवाणूंचंही.

शेजारच्या बाटलीत सोडियम बेंझोएट असतं, सरबतं टिकवायला वापरतात तेच. ते १४ दिवसांत पास झालं नाही, तर जिवाणूच बरे नाहीत असं समजून चाचणी रद्द.

लव्हेंडर आणि धण्यांच्या तेलातलं लिनालूल या परीक्षेत सहज पास होतं. डिटर्जंटमध्ये वापरला जाणारा गॅलॅक्सोलाइड हा कृत्रिम कस्तुरीगंध मात्र नापास. नद्यांत आणि माशांतही तो सापडला आहे.

मला खटकते ती गोष्ट वेगळीच. बाटलीतल्या जिवाणूंना भरपूर ऑक्सिजन मिळतो. सांडपाण्याने भरलेल्या तलावात तो फारच कमी असतो, त्यामुळे पास झालेलं रसायनही तिथे २८ दिवसांत संपेलच असं नाही. म्हणून बाटलीवर 'बायोडिग्रेडेबल' वाचलंत, तरी सॉफ्टनर झाकणभर ओतू नका. अर्ध्या झाकणातही कपड्यांना वास येतोच.