ओतलेल्या काँक्रीटचा साक्षीदार

ऑगस्ट १९८५ मध्ये मॉस्कोतल्या एका बांधकामावरून सोव्हिएत मजुरांना बाहेर काढलं गेलं आणि काम ठप्प झालं. मागे उरली अमेरिकेच्या नव्या वकिलातीची लाल विटांची आठ मजली इमारत, आतून अर्धवट. तिच्या खांबांत आणि तुळयांत ऐकण्याची यंत्रणा ओतलेली आहे, याबद्दल अमेरिकी तज्ज्ञांना शंका उरली नव्हती. या वास्तूत कचेरी सुरू व्हायला २००० साल उजाडलं. दरम्यान शीतयुद्ध संपलं, सोव्हिएत संघ नकाशावरून पुसला गेला, पण त्या काँक्रीटवरचा संशय काही गेला नाही.

या प्रकरणाचं मूळ कराराच्या कागदांत आहे. १९६९ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांना वकिलातीसाठी जागा द्यायचं ठरवलं. १९७२ मध्ये बांधकामाच्या अटी ठरल्या. मॉस्कोतला सांगाडा सोव्हिएत यंत्रणा उभा करणार होती. कॉलम, बीम, स्लॅबचे भाग प्रीकास्ट, म्हणजे सोव्हिएत कारखान्यांत ओतून ट्रकने साइटवर यायचे. १९७९ मध्ये काम सुरू झालं. साच्यात सळया कशा बांधल्या आणि काँक्रीटबरोबर आणखी काय गेलं, हे बघायला त्या कारखान्यांत अमेरिकेचा एकही माणूस नव्हता. साइटवर होते ते शेकडो सोव्हिएत कामगारांच्या मानाने अगदीच मूठभर.

वॉशिंग्टनमध्ये सोव्हिएत वकिलात बांधली जात असताना चित्र नेमकं उलटं होतं. काँक्रीट साइटवरच ओता, हा तिथे सोव्हिएतांचा आग्रह होता आणि ते ओतलं जाताना त्यांचे निरीक्षक जागेवर हजर असत. आपल्याकडे स्वतःचं घर बांधणारा माणूस स्लॅब पडायच्या दिवशी रजा टाकून साइटवर उभा राहतो. एकदा काँक्रीट घट्ट झालं की आत किती एमएमची सळई गेली, हे फक्त कॉन्ट्रॅक्टरलाच ठाऊक असतं. सोव्हिएतांनी हेच व्यवहारज्ञान वापरलं.

मग अमेरिकेला ते सुचलं नाही का? अनुभव तर गाठीशी भरपूर होता. १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी राजदूत हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेचं लाकडी कोरीव शिल्प भेट दिलं. ते राजदूतांच्या निवासस्थानी टांगलेलं होतं आणि त्यातलं उपकरण सापडायला १९५२ उजाडलं. त्याला ना बॅटरी होती, ना वायर. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की खोलीतल्या आवाजाने आतला पातळ पडदा थरथरे आणि ती थरथर परतणाऱ्या लहरींवर उमटे. १९६४ मध्ये जुन्या वकिलातीच्या भिंतींत चाळीसहून अधिक मायक्रोफोन सापडले.

घोडं पेंड खातं ते इथेच. आधीचं सगळं शोधून उपटून काढता आलं होतं. म्हणून या वेळीही ‘ते बसवतील, आपण काढू’ असाच हिशेब धरला गेला. पण शिल्प भिंतीवरून उतरवता येतं, गिलावा खरवडता येतो. इमारतीचा भार पेलणारा कॉलम फोडून आत बघता येत नाही. क्ष-किरणांनी तपासणी सुरू झाली तेव्हा काँक्रीटच्या पोटात नको त्या वस्तू दिसू लागल्या. काही ठिकाणी सळयांची मांडणीच अँटेनासारखी असल्याचं पुढे अमेरिकी वृत्तपत्रांनी छापलं. शोधयंत्रांनी जागोजागी खोटी सूचना द्यावी म्हणून काँक्रीटमध्ये डायोड मिसळल्याचंही त्यांत होतं. म्हणजे खरा बग कुठला आणि कचरा कुठला, हे ओळखणंच अशक्य व्हावं.

बाहेर बनलेली वस्तू किती बेमालूम बिघडवता येते, याचा एक नमुना त्याच सुमारास हाती आला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने जुन्या वकिलातीतली यंत्रं गुपचूप मायदेशी नेऊन तपासली. आयबीएमच्या सिलेक्ट्रिक टंकलेखन यंत्राच्या आत आडवी धातूची एक पट्टी असते. बाहेरून अगदी मूळची वाटावी अशी ही पट्टी क्ष-किरणांखाली पोकळ निघाली आणि पोकळीत इलेक्ट्रॉनिक सर्किट होतं. यंत्राच्या हालचालींवरून कुठलं अक्षर उमटतंय ते टिपायचं आणि रेडिओवरून बाहेर पाठवायचं, हे त्याचं काम. मॉस्को आणि लेनिनग्राडमधली मिळून अशी सोळा यंत्रं निघाली. आठेक वर्षं गोपनीय मजकूर त्यांच्यावर टंकला जात होता.

१९८७ मध्ये माजी संरक्षणमंत्री जेम्स श्लेसिंजर यांनी नव्या इमारतीची पाहणी केली. वरचे तीन मजले पाडा आणि शेजारी सुरक्षित इमारत बांधा, असं त्यांनी सुचवलं. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सगळीच पाडायचा कौल दिला. संसदेत पैशावरून वाद रंगला, इमारत तशीच राहिली.

मग डिसेंबर १९९१ मध्ये अघटित घडलं. केजीबीचे अखेरच्या काळातले प्रमुख वादिम बाकातिन यांनी अमेरिकी राजदूत रॉबर्ट स्ट्रॉस यांच्या हाती या यंत्रणेचे नकाशेच ठेवले. रशियात त्यांच्यावर देशद्रोहाचे आरोप झाले. आणि अमेरिकेने काय केलं? नकाशे घेतले, आभार मानले, पण इमारत वापरायला घेतली नाही. नकाशे खरे असतील, पण ते पुरे आहेत हे कशावरून? ताडून बघायला अमेरिकेकडे स्वतःची नोंदच नव्हती. अखेर वरचे दोन मजले पाडून चार नवे चढवायचं ठरलं. त्यासाठी पार्श्वभूमी तपासलेले अमेरिकी कामगार आणि अमेरिकेतून पहाऱ्यात आणलेलं सामान वापरलं. या दुरुस्तीसाठी सुमारे २४ कोटी डॉलर मंजूर झाले होते.

अमेरिकेतल्या गोपनीय दालनांचे आजचे नियम वाचताना हा इतिहास ओळी-ओळींतून डोकावतो. इंटेलिजन्स कम्युनिटी डायरेक्टिव्ह ७०५ या २०१० च्या आदेशाखाली काम सुरू होण्याआधीच बांधकामाची सुरक्षा योजना मंजूर व्हावी लागते. नूतनीकरणही त्यातून सुटत नाही. साइटवर सुरक्षा व्यवस्थापक असतो. परदेशातल्या कामावर प्रशिक्षित निरीक्षक कामगारांच्या हातांवर डोळा ठेवून असतात. ९६ चौरस इंचांपेक्षा मोठी हवेची नळी भिंतीतून जात असेल तर तिथे पोलादी गज बसवावे लागतात. भिंत बंद होण्याआधी आतल्या कामाचे फोटो काढून ठेवण्याची पद्धत आहे.

पहाऱ्याने सगळंच साधतं असंही नाही. सोव्हिएतांनी वॉशिंग्टनमध्ये डोळ्यांत तेल घालून काँक्रीट पाहिलं. त्यांच्या वकिलातीखालून अमेरिकी यंत्रणांनी बोगदा खणल्याचं २००१ मध्ये वृत्तपत्रांनी छापलं. तो मॉस्कोला कळला तो निरीक्षकांमुळे नव्हे, तर एफबीआयमधल्या फितूर रॉबर्ट हॅन्सनमुळे, असं तपास करणाऱ्यांचं मत होतं.

तरीही नोंदीचं मोल कमी होत नाही. अदिस अबाबातलं आफ्रिकन युनियनचं मुख्यालय चीनने बांधून भेट दिलं. २०१२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिथला डेटा रोज मध्यरात्री शांघायला जात होता, असं फ्रान्सच्या ‘ल मोंद’ने २०१८ मध्ये छापलं. चीनने इन्कार केला, युनियननेही. बाहेरच्या माणसाने यातलं कोणाचं मानायचं? पाहुण्याने आयती बांधून दिलेल्या इमारतीत यजमानाकडे रोजच्या कामाची स्वतःची वही नसेल, तर आरोप सिद्ध होत नाही आणि इन्कारही. बांधकामावरचा पहारा चोर पकडतो, हा त्याचा निम्माच उपयोग. चोरी झालीच नाही, असं पुढे छातीठोकपणे सांगता येतं, ते त्या वहीच्याच जोरावर. आणि काम संपल्यावर ती वही कितीही डॉलर मोजून लिहून घेता येत नाही.