चुकीला नाव देताना

जुन्या मराठी मासिकांची सूची करताना माझ्या हातून एक घोटाळा झाला. नोंदी वर्षानुक्रमे लावण्यासाठी मी पायथन या संगणकभाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. यादीत एका मासिकाची सलग काही वर्षे रिकामी दिसली आणि ‘या काळात प्रकाशन बंद असावे’ असे मी लिहूनही टाकले. अंक मात्र माझ्याच कपाटात होते. नोंदी गाळल्या होत्या त्या माझ्या प्रोग्रॅमने.

मजकुरातून संख्या काढणारी पायथनची सोय ‘१८८३’ हे देवनागरी आकडेही बिनतक्रार वाचते. पण ‘शके १८०५’ किंवा, छपाई पुसट असल्याने मी टिपलेले ‘१८८?’ समोर आले, की ती ‘व्हॅल्यूएरर’ असा इशारा देऊन थांबते. काम अडू नये म्हणून ‘कोणताही इशारा आला तरी पुढे जा’ अशी आज्ञा मी देऊन ठेवली होती. अडलेली प्रत्येक नोंद त्यामुळे निमूट गळत गेली.

वास्तविक दोन्हींवरचे उपाय वेगळे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. १ जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ७९. हे यंत्र करू शकते. पुसट आकड्यासाठी मात्र अंक पुन्हा उघडावा लागतो. इशाऱ्याचे नाव एकच, म्हणून प्रोग्रॅमला हा फरक कळत नव्हता.

पायथनमध्ये त्रुटींचे स्वतःचे प्रकार घडवता येतात. भाषेतल्या ‘एक्सेप्शन’ या मूळ वर्गापासून नवा वर्ग काढून त्याला नाव द्यायचे. दोन ओळी पुरतात. २००८ साली आलेल्या पायथन ३पासून ही नावे देवनागरीतही चालतात. मी ‘नोंदअडचण’ हा पालक वर्ग केला आणि त्याच्या पोटी ‘शकवर्ष’ व ‘पुसटवर्ष’ हे दोन. वर्ष तपासताना जी अडचण दिसेल तिच्या नावाने इशारा द्यायचा; सोबत मूळ मजकूर, महिना आणि अंकाचा क्रमांकही पाठवता येतो. इशारा झेलताना आधी लेकरे, मग पालक, हा क्रम पाळावा लागतो. नाहीतर पालकच सगळे अडवून धरतो. या तिघांत न बसणारी चूक मी आता झेलत नाही. प्रोग्रॅम तिथे थांबलेलाच बरा.

नावे देताना लक्षात आले, की ‘शके १८०५’ ही चूक नव्हतीच. संपादकाने आपल्या कालगणनेने लिहिलेले ते अचूक वर्ष होते. ‘पुसटवर्षां’ची यादी घेऊन मी भिंगासह कपाटापाशी बसलो. प्रकाशन बंद असल्याचे ते वाक्य खोडले.