विमानाचे प्लायवुड आणि दुधाचा सरस

गोठ्याचे दार किंवा घरातील कपाट करण्यासाठी आपण प्लायवुड आणतो. याच तत्त्वावर दुसऱ्या महायुद्धात विमाने बांधली गेली. त्यांचा अनुभव आजही प्लायवुड घेताना उपयोगी पडतो.

साच्यातील प्लायवुड म्हणजे काय?

लाकूड रेषेच्या दिशेने मजबूत असते, पण रेषेबरोबर चटकन चिरते. म्हणून लाकडाचे पातळ पापुद्रे काढून, एकाची रेषा उभी तर दुसऱ्याची आडवी ठेवून सरसाने चिकटवतात. सरस ओला असतानाच हे थर साच्यावर दाबून बांधले, तर वाळल्यावर साच्याचा बाक कायम राहतो.

युद्धकाळात ब्रिटनमध्ये ॲल्युमिनियमची टंचाई होती. सुतार व फर्निचरचे कारखाने मात्र हाताशी होते. त्यातून 'मॉस्किटो' हे विमान तयार झाले. त्याचे पहिले उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० रोजी झाले. भुईमुगाच्या शेंगेच्या दोन टरफलांप्रमाणे त्याचे धड दोन भागांत घडवीत. आतून-बाहेरून बर्चचे प्लायवुड व मध्ये अतिशय हलके बाल्सा लाकूड असे. आतील तारा व नळ्या बसवल्यावर दोन्ही भाग जोडले जात. अशी सुमारे ७,८०० विमाने बांधण्यात आली.

दुधापासून सरस

सुरुवातीला यासाठी केसिनचा सरस वापरला जाई. कळंब परिसरातील दूध उत्पादकांना केसिन नवीन नाही. दूध फाटल्यावर जो चोथा वर येतो, त्यातील मुख्य प्रथिन तेच. साय काढलेल्या दुधातून ते वेगळे करून, वाळवून, चुन्याबरोबर कालवले की पक्का सरस होतो. मात्र सतत ओल राहिल्यास त्यावर बुरशी वाढते. त्यामुळे पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइडचा कृत्रिम सरस वापरात आला.

दोष पावसाचा की जोडाचा?

१९४४ च्या अखेरीस भारत व पूर्वेकडील भागात काही मॉस्किटो विमाने कोसळली. पंखांचा वरचा पत्रा मुख्य तुळईपासून सुटत होता. प्रथम उष्णता व पावसाळ्याला दोष देण्यात आला. नंतरच्या तपासणीत मात्र पावसाळा न पाहिलेल्या विमानांतही तसेच दोष आढळले. मूळ चूक कारखान्यातील सदोष चिकटवणीत होती. मग पंखाच्या सांध्यावर प्लायवुडची जादा पट्टी बसवून तो बंद करण्यात आला.

ही पद्धत युद्धानंतरही टिकली. भारतीय हवाई दलाच्या 'व्हॅम्पायर' जेट विमानाचे पंख धातूचे होते, पण वैमानिक बसतो तो भाग प्लायवुड-बाल्साचाच होता. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी ४५ व्या तुकडीच्या व्हॅम्पायर विमानांनी गोव्यावर गस्त घातली.

खरेदी करताना

१. ओलीच्या जागेसाठी आय.एस. ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लायवुड घ्यावे.
२. फळीवर सर्वत्र बोटाने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आल्यास आतील थर सुटलेला असण्याची शक्यता असते.
३. लहान तुकडा काही तास पाण्यात उकळावा. थर सुटल्यास तो माल ओलीच्या जागी वापरू नये.
४. कापलेल्या कडा रंगाने बंद कराव्यात. पाणी तेथूनच शिरते.
५. वाळवीपासून बचावासाठी फळी मातीला टेकवू नये.

लाकूड कितीही चांगले असले, तरी प्लायवुडची ताकद त्याच्या जोडात असते. म्हणून पैसे देण्यापूर्वी जोड तपासावा.